खाकीला धीर हवा, पांघरूण नको

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासाच्या आत मागे टाकते. या चिंचोळ्या पट्ट्यातील तीन शहरांत २०११ च्या जनगणनेच्या वेळीच सव्वानऊ लाखांहून अधिक लोक राहत होते. एकट्या उल्हासनगरात, अवघ्या तेरा-चौदा चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात, पाच लाखांवर वस्ती होती. २००१ मध्ये एक लाखाच्याही आत असलेले बदलापूर दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचले, आणि त्यानंतरची वाढ तर तेथील इमारतींकडे नुसते पाहिले तरी कळते. शहरे वाढली, गाड्यांतील गर्दी वाढली, वाद वाढले. या सगळ्याचा पहिला भार ज्यांच्या खांद्यावर येतो, त्या पोलिसाकडे मात्र आपण दोनच प्रसंगी पाहतो. तो चुकला तर शिव्या देण्यासाठी आणि आपल्या मनासारखे केले तर हार घालण्यासाठी.

२०२४ या एकाच वर्षाने ही गोष्ट लख्खपणे दाखवून दिली. २ फेब्रुवारी रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळीबार झाला. राज्यातील सत्ताधारी आघाडीच्याच एका आमदाराला, आघाडीतील दुसऱ्या पक्षाच्या स्थानिक नेत्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून अटक झाली. ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदवून घेण्यात झालेल्या दिरंगाईने लोकांचा संयम सुटला आणि २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक रेल्वे रुळांवर उतरले. दिवसभर वाहतूक ठप्प झाली, दगडफेक झाली, लाठीमार झाला. पोलीसही जखमी झाले आणि नागरिकही. पुढे २३ सप्टेंबरला या प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या वाहनात, मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर, पोलिसाच्या गोळीने मरण पावला. ज्या शहराने महिनाभरापूर्वी पोलिसांवर दगड भिरकावले होते, त्याच शहरात काहींनी पेढे वाटले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि त्यात पाच पोलिसांवर जबाबदारी ठेवण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने विशेष तपास पथकाद्वारे चौकशीचा आदेश दिला.

दगड आणि पेढे यांच्यात एक साम्य आहे. दोन्हींत पोलीस हा माणूस म्हणून कोठेही दिसत नाही. दगड मारणाऱ्याला तो व्यवस्थेचा पुतळा वाटतो, तर पेढे वाटणाऱ्याला तो आपल्या सूडाचे हत्यार वाटतो. ज्याला घरी आई-वडील आहेत, ज्याच्या मुलांना दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे आहे, ज्याची पत्नी दूरचित्रवाणीवर जमाव पाहत दूरध्वनीची वाट बघत बसली आहे, असा हा माणूस दोघांच्याही हिशेबात नाही. पोलिसांना धीर देणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती श्रद्धेच्या परंपरेने फार पूर्वीपासून केला आहे. ज्या राज्यात ख्रिस्ती समाज लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत आहे, तेथेही या परंपरेकडून घेण्याजोगे काही आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात, असे आढळले. दोनांपैकी एका पोलिसाला साप्ताहिक सुट्टीच मिळत नाही, आणि कामाच्या ताणाने आपल्या शरीर-मनावर परिणाम होतो, असे चारांपैकी तिघे सांगतात. महाराष्ट्रात या दिशेने काही पावले पडली, हे मान्य करायला हवे. २०१६ मध्ये मुंबईत, देवनार पोलीस ठाण्यातील एका शिपायाच्याच सूचनेवरून, तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू केला. २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तासांच्या कामाचा निर्णय राज्यभर लागू झाला आणि त्याच वर्षी किरकोळ रजा बारावरून वीस दिवसांवर नेण्यात आली. पण गणपती, नवरात्र, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा अशी बंदोबस्ताची रांग लागली की पाळीचे वेळापत्रक भिंतीवरच राहते. रजा मंजूर असते आणि तरीही मिळत नाही, हे वाक्य कोणत्याही पोलीस वसाहतीत ऐकायला मिळेल.

या नोकरीची किंमत केवळ पोलीस मोजत नाही, त्याचे घरही मोजते. २०२० आणि २०२१ च्या साथीत राज्यातील शेकडो पोलिसांनी प्राण गमावले. टाळेबंदीत इतरांना घरात बसवण्यासाठी जे रस्त्यावर उभे होते, ते संसर्ग घेऊन वसाहतीतील दोन खोल्यांत परतत होते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. तेव्हा आपत्ती निवारण दल, नौदल आणि गावकऱ्यांबरोबर पोलीसही चिखलात उभे होते. त्यांच्यातील कितीतरी जणांच्या स्वतःच्या घरांत त्या दिवशी पाणी शिरले नसेल काय, हे कोणी विचारले नाही. सेवेतील शस्त्र स्वतःवरच चालवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कर्करोगाशी झुंजणारे हिमांशू रॉय यांच्यासारखे नावाजलेले अधिकारी ११ मे २०१८ रोजी आपले जीवन संपवतात, तेव्हा राज्य दोन दिवस हळहळते आणि पुन्हा कामाला लागते. ‘पोलिसाने रडायचे नसते’ ही समजूत मात्र तशीच राहते.

येथे बायबलमधील एका प्रसंगाची आठवण होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरातील बंदिशाळेच्या नायकाची कथा आहे. मध्यरात्री भूकंप होतो, दारे उघडतात. कैदी पळाले असे समजून तो अधिकारी तलवार उपसतो आणि स्वतःचाच जीव घ्यायला निघतो. कैदी निसटले तर त्याची शिक्षा पहारेकऱ्याला, हा त्या साम्राज्याचा नियम होता. त्या क्षणी अंधारातून त्याला थांबवणारा आवाज येतो तो एका कैद्याचा, पौलाचा. आम्ही सगळे येथेच आहोत, तू स्वतःला इजा करू नकोस, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. पुढे तोच अधिकारी त्याच रात्री त्या कैद्यांच्या जखमा धुतो, त्यांना घरी नेऊन जेवू घालतो. या कथेत पोलिसांसाठी दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. व्यवस्थेच्या भीतीने कोलमडलेल्या माणसाला कोणीतरी वेळेवर हाक मारली, ही पहिली. आणि ज्याला अशी हाक मिळाली, त्याने आपल्या कोठडीतील माणसाला माणसासारखे वागवले, ही दुसरी. पहिलीशिवाय दुसरी घडणे कठीण, आणि दुसरी घडत नसेल तर पहिली व्यर्थ.

ख्रिस्ती परंपरेत गणवेशातील माणूस परका नाही. कफर्णहूम येथील शताधिपती आपल्या आजारी सेवकासाठी येशूकडे येतो, आणि त्याच्या विश्वासाची येशू जाहीर प्रशंसा करतो. यहुद्यांच्या बाहेरून ख्रिस्ती मंडळीत आलेल्या पहिल्या माणसांमध्ये कर्नेल्य हा रोमी सेनाधिकारीच आहे. पण या प्रशंसेबरोबर सक्त ताकीदही येते. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात काही शिपाई योहानाकडे येऊन आम्ही काय करावे, असे विचारतात. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. कोणाकडूनही जुलमाने पैसे उकळू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढेच तो बजावतो. खंडणी, खोटे गुन्हे आणि वरकमाई! दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाळवंटात सांगितलेली ही तीन पथ्ये आजच्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या फलकावर शोभतील. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनाचे रक्षण आधी येते आणि दुष्टाचा निग्रह नंतर, हा त्या ब्रीदातील क्रमही पुरेसा बोलका आहे.

या परंपरेचा महाराष्ट्राला परिचित असलेला चेहरा म्हणजे ज्युलिओ रिबेरो. गोव्यातील कॅथलिक कुटुंबाचा वारसा असलेले रिबेरो १९५३ मध्ये भारतीय पोलीस सेवेत आले आणि १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांचा असंतोष उफाळून आला. राहायला जागा नाही, कामाला वेळ नाही, साहेबांच्या घरची कामे करावी लागतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १८ ऑगस्ट १९८२ रोजी शासनाने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, शहरात दंगल उसळली आणि लष्कराला पाचारण करावे लागले. शिस्तीचा प्रश्न सुटला, पण शिपायाच्या मनातील प्रश्न तसाच राहिला. चार दशकांनंतर आपण आठ तासांच्या पाळीची चर्चा करतो, ती त्याच न सुटलेल्या प्रश्नाची आहे.

पुढे पंजाबचे पोलीस महासंचालक म्हणून रिबेरो यांची नेमणूक झाली. ३ ऑक्टोबर १९८६ रोजी जालंधरच्या पोलीस आवारातच, पोलिसांच्या वेशात आलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही जखमी झाले. १९९१ मध्ये रुमानियात राजदूत असताना त्यांच्यावर पुन्हा प्राणघातक हल्ला झाला. पोलिसाच्या पत्नीने कोणतीही शपथ घेतलेली नसते, तरी गोळी तिच्यापर्यंत पोहोचते, हे जालंधरच्या घटनेने दाखवले. गोळीला गोळीने उत्तर ही घोषणा रिबेरो यांच्या नावाला कायमची चिकटली. ती आपली नव्हती, असे त्यांनी नंतर स्पष्ट केले. निवृत्तीनंतर त्यांनी जे केले ते या घोषणेच्या अगदी उलट होते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्यांच्या चळवळीत ते अग्रभागी राहिले. एकाच गल्लीतील हिंदू आणि मुसलमान रहिवाशांना पोलिसांसमवेत एका चटईवर बसवण्याचे हे काम होते. त्याची पूर्वपीठिका आपल्याच ठाणे जिल्ह्यातील आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास अशा समित्या उभारल्या, आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शांती करणाऱ्यांना धन्य म्हणणारे डोंगरावरील प्रवचन एका ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या आयुष्यात कसे उतरते, आणि तेच काम दुसऱ्या धर्माचा अधिकारी तितक्याच निष्ठेने कसे करतो, हे येथे शेजारी-शेजारी दिसते.

याच रिबेरोंनी मार्च २०१५ मध्ये, देशात चर्चवर हल्ले होत असताना, आपल्याच देशात आपण परके ठरत आहोत की काय, अशी व्यथा जाहीरपणे मांडली होती. देशासाठी गोळ्या झेललेल्या माणसावर असे लिहिण्याची वेळ यावी, याने अनेकांना अस्वस्थ केले. काहींनी त्यांच्यावर टीकाही केली. या प्रसंगाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. अल्पसंख्य समाज पोलिसांसाठी प्रार्थना करतो तेव्हा ती उपकाराची भाषा नसते. पोलीस निःपक्ष राहिला तरच आपले उपासनास्थान सुरक्षित आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

उल्हासनगरचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये या वसाहतीचे उल्हासनगर झाले. आजही तेथील भाग ‘कॅम्प’च्या क्रमांकाने ओळखले जातात. अंबरनाथला अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, आणि आयुध निर्माणी व कारखान्यांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेला कामगारही आहे. मल्याळी, तमिळ, गोवेकर, मराठी आणि सिंधी अशा अनेक भाषांतून या पट्ट्यात ख्रिस्ती उपासना होते. येथील ख्रिस्ती मंडळी स्वतःच स्थलांतरितांची आहे. गाव सुटलेल्या माणसाला अनोळखी शहरात कोणीतरी विचारणारे हवे असते, हे तिला सांगावे लागत नाही. साताऱ्याहून किंवा जळगावहून भरती होऊन आलेला, भाड्याच्या खोलीत संसार मांडलेला पोलीस शिपाई याच अर्थाने तिचा शेजारी आहे.

अन्यत्र काय घडले, हेही पाहण्याजोगे आहे. लंडनमध्ये १८८३ साली कॅथरिन गर्नी या बाईंनी पोलिसांसाठी एक ख्रिस्ती संघटना स्थापन केली. त्या केवळ प्रवचने करून थांबल्या नाहीत. आजारातून उठणाऱ्या पोलिसांसाठी त्यांनी समुद्रकाठी विश्रांतिगृह उभारले आणि मृत पोलिसांच्या मुलांसाठी अनाथालये काढली. इटलीत १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी देवदूत मायकल यांना पोलिसांचे आश्रयदाते घोषित केले. आश्रयदाता संत असणे ही श्रद्धेची बाब झाली. विश्रांतिगृह आणि अनाथालय हा तिचा पुरावा आहे, आणि तो अश्रद्धालाही पटतो.

अर्थात, या विचारावर रास्त आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की, पोलीस दल हे सर्वांचे असल्याने तेथे कोणत्याच धर्माला प्रवेश नसावा. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात, कामाच्या वेळी, वरिष्ठांच्या उपस्थितीत होणारा कोणताही धार्मिक कार्यक्रम कनिष्ठांवर अप्रत्यक्ष दबाव आणतो. ही मर्यादा सत्यनारायणाला लागू आहे तशीच ख्रिस्ती प्रार्थनेलाही लागू असली पाहिजे. दुसरा आक्षेप धर्मांतराचा आहे. प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने धर्मांतरविषयक कायद्याच्या अभ्यासासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपदही पोलीस महासंचालकांकडेच दिले गेले. अशा वातावरणात पोलिसाला मदत करताना त्या मदतीला कोणतीही अट चिकटता कामा नये. दुःखात असलेल्या माणसाची असहायता ही श्रद्धेच्या प्रसाराची संधी मानणे कायद्यात बसो वा न बसो, ते शुभवर्तमानात तर मुळीच बसत नाही. कर्नेल्याकडे पेत्र गेला तो बोलावल्यावरून.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्यांच्या दिरंगाईमुळे चिमुरड्यांच्या आईबापांना पोलीस ठाण्यात ताटकळावे लागले, ज्यांच्या ताब्यातील माणूस जिवंत न्यायालयात पोहोचला नाही, त्यांना धीर कसला द्यायचा? उत्तर असे की, धीर देणे म्हणजे पांघरूण घालणे नव्हे. दोषी असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. चकमकीचा जयजयकार करून आपण पोलिसाला धीर देत नाही. उलट, उद्या चौकशी त्याच्यावर आली की आपण त्याला एकटे सोडणार आहोत, हे लपवतो. पेढे वाटणाऱ्यांपैकी कोणीही त्या पोलिसांच्या घरी न्यायालयाच्या तारखांना सोबत जात नाही. अपराधी माणसालाही सोडून न देणे आणि अपराधाला अपराध म्हणणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणे ख्रिस्ती परंपरेला नवे नाही. कबुलीजबाबाची प्रथा त्यासाठीच आहे. चूक सांगता येईल अशी जागा पोलिसाला मिळाली, तर ती चूक दडवण्यासाठी दुसरी चूक करण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.

मग करायचे काय? ख्रिस्ती संस्थांच्या शाळा आणि दवाखाने यांना पोलीस कुटुंबांसाठी अनेक लहान गोष्टी करता येतील. रात्रपाळीवरून आलेल्या वडिलांच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला शांत खोली हवी असते. बदलीमुळे वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाला प्रवेश हवा असतो. ज्याची माहिती वरिष्ठांपर्यंत जाणार नाही, असा समुपदेशक हवा असतो. दलात समुपदेशनाची सोय असली तरी शिपाई तिकडे सहज वळत नाही, कारण मन थकल्याची नोंद झाली तर हातातील शस्त्र आणि बढती दोन्ही जातील, अशी त्याला धास्ती असते. बाहेरचा, विश्वासू आणि धर्म न विचारणारा माणूस येथे उपयोगी पडू शकतो. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसाच्या पत्नीला पहिल्या आठवड्यात भेटायला येणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या वर्षी दार ठोठावणारा कोणी असेल, तर तो खरा शेजारी. हे गुरुद्वाराला, दर्ग्याला, सिंधी पंचायतीला आणि गणेश मंडळालाही जमण्यासारखे आहे, आणि त्यांनीही ते करावे.

शासनाची जबाबदारी मात्र प्रार्थनेने टळत नाही. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाशसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत आणि स्वतंत्र तक्रार प्राधिकरण यांचे निर्देश दिले. ते प्रामाणिकपणे अमलात आले असते, तर कदाचित हिललाइनच्या दालनात राजकारण शिरताना दहादा विचार झाला असता आणि बदलापूरच्या पालकांना दाद मागायला रुळांवर उतरावे लागले नसते. पोलिसाला संघटना करता येत नाही, संप करता येत नाही. कायद्याने त्याचा आवाज मर्यादित केला आहे. म्हणून त्याच्या वतीने बोलण्याचे कर्तव्य समाजावर अधिक येते.

दर २१ ऑक्टोबरला, १९५९ साली लडाखमध्ये हुतात्मा झालेल्या जवानांच्या आठवणीत, देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो आणि वर्षभरात कामी आलेल्यांची नावे वाचली जातात. नाताळच्या मध्यरात्री अंबरनाथ-उल्हासनगरच्या चर्चबाहेर बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई बहुधा ख्रिस्ती नसतो. त्याच्या घरी त्याचे लेकरू झोपी गेलेले असते. आत शांतीचा सण चालू असतो आणि ती शांती टिकावी म्हणून तो बाहेर थंडीत उभा असतो. उपासना संपवून बाहेर पडणाऱ्याने त्याला एक पेला चहा द्यावा, नाव विचारावे, घरी सारे बरे आहे ना, अशी चौकशी करावी. दुसऱ्या दिवशी त्याच ठाण्यात कोणा गरिबाची तक्रार घेतली जात नसेल, तर त्याच माणसाने तेथे जाऊन ठामपणे उभेही राहावे. या दोन्ही गोष्टी करणारा नागरिकच पोलिसाचा खरा हितचिंतक आहे.